ऑटिस्टिक मुलाला शी-शूची सवय लावताना

आपल्याकडे मुलाची शी-शू हा एकट्या आईबापाचा विषय कधीच नसतो. आजी तान्ह्याला दोन्ही पावलांवर बसवून ‘शूऽऽ’ करते, शेजारीण ‘अजून डायपर?’ म्हणून विचारते, बालवाडीत प्रवेश घ्यायला गेलं की ‘सांगतो ना?’ हा पहिल्या काही प्रश्नांतला एक असतो. पुष्कळ मुलं अडीच-तीन वर्षांच्या सुमाराला सांगायला लागतात आणि घर तो विषय विसरूनही जातं. ऑटिझम असलेल्या मुलाच्या घरात मात्र तो पाचव्या, सातव्या, कधी दहाव्या वर्षापर्यंत रोज सकाळी नव्याने उभा राहतो. सोबत दोषारोपही येतात: आईने लाड केले, डायपरची सवय लावली, मूल मुद्दाम करतं, दोन फटके दिले की येईल ताळ्यावर.

मूल मुद्दाम करत असण्याची शक्यता फार कमी असते. शरीराची सूचना त्याला कळत नसेल, पोट कडक असेल, संडासातलं काहीतरी सहन होत नसेल किंवा करायच्या कामांचा क्रमच डोक्यात बसलेला नसेल. या चारांपैकी कुठे अडलं आहे ते आधी शोधावं लागतं. ते न शोधता मुलाला तासन्‌तास संडासात बसवून ठेवलं, तर सवय लागत नाही, संडासाची भीती मात्र लागते.

नेमकं अवघड काय जातं

मूत्राशय भरत आलं की त्याची खबर मेंदूला जाते आणि आपल्याला ‘लागली’ असं वाटतं. भूक, तहान, पोटात कळ, लघवी लागणं अशा शरीराच्या आतून येणाऱ्या सूचना ओळखण्याच्या क्षमतेला आंतरसंवेदना म्हणतात. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांमध्ये ही सूचना पुसट असते किंवा अगदी शेवटच्या क्षणी कळते. काहींना ती इतकी तीव्र वाटते की ती घाबरतात आणि अंग आवळून धरतात. खेळता खेळता चड्डी ओली झाली आणि मूल तसंच खेळत राहिलं की बघणाऱ्याला ते बेफिकीर वाटतं. ओलं झाल्याचं त्याला नीट जाणवलेलंच नसतं. त्यात आजचे डायपर ओलावा इतका झटपट शोषतात की ‘शू झाली’ आणि ‘गार लागलं’ यांची सांगड बसायला वावच राहत नाही.

दुसरी अडचण ओढीची. इतर मुलं मोठ्या भावंडाकडे पाहून शिकतात, ‘मोठा झाला गं माझा राजा’ हे ऐकण्यासाठी धडपडतात. लोकांच्या कौतुकाची ही ओढ अनेक ऑटिस्टिक मुलांमध्ये वेगळ्या प्रकारची असते. मूल प्रेमळ असतं, पण फक्त कौतुकासाठी आपली ठरलेली पद्धत बदलावी असं त्याला वाटत नाही. त्याच्या बाजूने विचार केला तर डायपरमध्ये सगळं नीट चाललेलं असतं. बदल का करायचा, हे त्याला कुणी समजेल अशा रीतीने सांगितलेलं नसतं.

तिसरी अडचण क्रमाची. आपण ‘जाऊन ये’ असं दोन शब्दांत सांगतो. मुलाला हातातलं सोडावं लागतं, उठून जावं लागतं, दिवा लावायचा असतो, स्लिपर घालायच्या असतात, चड्डी खाली करून, बसून, अंग सैल सोडायचं असतं, झाल्यावर धुणं, पाणी टाकणं, चड्डी वर घेणं, हात धुणं. एवढ्यातली एक पायरी निसटली तरी पुढचं सगळं अडतं. शिवाय अंग सैल सोडणं ही बाहेरून दाखवता न येणारी गोष्ट आहे. आवळून धरणं मुलं लवकर शिकतात, ठरवून सोडणं त्यांना फार उशिरा जमतं.

आधी पोट पाहावं

सवय लावायला घेण्याआधी बद्धकोष्ठ आहे का हे तपासलंच पाहिजे. ऑटिस्टिक मुलांमध्ये ते खूप आढळतं, आणि त्याला कारणंही आहेत. खाणं मोजकं असतं. एखादं मूल पांढरा भात, बिस्किटं आणि दूध एवढ्यावरच राहतं. भाजीचा तंतू जिभेला सहन होत नाही. पाणी आठवण केल्याशिवाय पीत नाही. आणि एकदा शी करताना दुखलं की ते दुखणं पक्कं लक्षात राहतं, मग शी आली की मूल पाय ताठ करून, टाचा उंचावून, कोपऱ्यात उभं राहून ती रोखतं.

रोखलेली शी आतड्यात साठून कडक होते. शेवटचा भाग ताणला जातो आणि ताणलेल्या आतड्याची जाणीव बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो आणि चड्डीला दिवसातून अनेकदा डाग लागतात. घरच्यांना वाटतं जुलाब आहेत. कधी जुलाब थांबवण्याचं औषधही दिलं जातं आणि मूळ अडचण दुप्पट होते. हे झिरपणं मुलाच्या ताब्यात नसतं. त्याबद्दल त्याला रागावणं म्हणजे शिंक आल्याबद्दल रागावण्यासारखं आहे.

मळाचं स्वरूप डॉक्टरांना सांगायला ब्रिस्टल तक्ता उपयोगी पडतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये मांडलेल्या या तक्त्यात मळाचे सात प्रकार चित्रांनी दाखवले आहेत. सुट्या कडक गोळ्या किंवा गाठाळ लांबट मळ, म्हणजे पहिला-दुसरा प्रकार, बद्धकोष्ठ दाखवतो. तिसरा-चौथा निरोगी. मोबाइलवर हा तक्ता ठेवला की ‘जरा घट्टच होते’ या मोघम सांगण्यापेक्षा डॉक्टरांना बरंच नेमकं कळतं.

उपचार बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावेत. मळात पाणी धरून ठेवून तो मऊ करणारी पावडर किंवा लॅक्टुलोजसारखं पातळ औषध बहुधा दिलं जातं. दोन दिवस पोट साफ झालं की पालक औषध बंद करतात, आणि इथेच सगळं फसतं. ताणलेलं आतडं मूळ आकारावर यायला कित्येक महिने लागू शकतात, तोवर शी मऊच राहिली पाहिजे. घरगुती उपायांपैकी विड्याच्या पानाचा तेलात बुडवलेला देठ किंवा साबणाची कांडी वापरू नये, हे आज्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं. स्पर्शाने बिथरणाऱ्या मुलाच्या मनात त्या जागेची आणि त्या खोलीची दहशत बसते, ती पुसायला वर्षं जातात. वाटेल तेव्हा एरंडेल देणंही टाळावं.

लघवीला जळजळ, सतत थेंब थेंब गळणं, मळातून रक्त, चालण्यात फरक ही लक्षणं दिसली तर सवयीचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करावी. आलेला ताबा अचानक गेला आणि मूल खूप पाणी प्यायला लागलं तर रक्तातली साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी. ऑटिझमसोबत काही मुलांना फिट्स येतात. फिटमध्ये कपडे ओले होऊ शकतात. वागणूक शांत ठेवण्यासाठी दिलेल्या काही औषधांनीही लघवीवरचा ताबा सैल होतो. म्हणून औषधं चालू असतील तर त्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी.

तयारी आणि नोंदवही

‘बोलायला लागला की शिकवू’ म्हणून थांबू नये. बोलणं ही या शिकण्याची अट नाही. न बोलणारी कितीतरी मुलं संडास-बाथरूम स्वतंत्रपणे वापरतात. मूल तास-दीड तास कोरडं राहतं का, काही मिनिटं एका जागी बसतं का, शी करताना पडद्यामागे किंवा टेबलाखाली जातं का, ओला डायपर ओढतं का, हे पाहावं. पडद्यामागे जाणाऱ्या मुलाला शरीराची सूचना कळते आहे, एवढं त्यावरून नक्की समजतं. यातलं सगळं जमत नसलं तरी सुरुवात करता येते, फक्त पायऱ्या आणखी लहान कराव्या लागतात.

आठवडाभर काहीही न शिकवता नुसती नोंद ठेवावी. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखावेत आणि दर वेळी पाहून कोरडा, ओला की शी एवढं लिहावं. काय प्यायलं, कधी जेवलं हेही. डायपरच्या आत सुती कापड किंवा टिश्यू ठेवला की ओलं झालेलं लगेच कळतं. आठवड्याने बहुतेक घरांत एक आकृती दिसायला लागते: सकाळी उठल्यावर वीस मिनिटांनी, दूध प्यायल्यावर पाऊण तासाने, जेवणानंतर. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं पुढे ढकलायला लागतं, त्यामुळे जेवणानंतरचा पाव-अर्धा तास शीसाठी उत्तम. मूत्राशयाचा ढोबळ अंदाज वयावरून काढता येतो: वयात दोन मिळवून तीसने गुणलं की मिलिलिटर येतात. चार वर्षांच्या मुलाचा साधारण १८० मिलिलिटर. म्हणजे एक पेला पाणी प्यायलेलं मूल पुढे दोन-तीन तास कोरडं राहील अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

नोंदीत काहीच आकृती दिसली नाही, दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं थोडं ओलं होत राहिलं, तर अजून थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देत असलं तरी असं होतं.

संडास मुलाच्या बाजूने पाहिला तर

एकदा मुलाच्या उंचीवर उकिडवं बसून आपला संडास पाहावा. ओली गार फरशी, फिनेलचा वास, डोळ्यावर येणारा पांढरा दिवा, एक्झॉस्ट पंख्याची घरघर, बंद दार आणि घुमणारा आवाज. कमोडवर पाय लटकतात, मधलं भोक मोठं वाटतं, आणि मग अचानक डोक्यामागे फ्लशचा धबाका. आपण हे सगळं वगळून टाकतो, मुलाला तसं वगळता येत नाही.

उपाय एकेका गोष्टीवर करायचे असतात. फरशी कोरडी ठेवावी, दाराशी त्याच्या स्वतःच्या स्लिपर ठेवाव्यात, वासाचा फिनेल बंद करावा, दिवा मंद लावावा. कमोडवर छोटी रिंग आणि पायांखाली पाट किंवा स्टूल हवंच. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले की शी सुलभ होते आणि पडण्याची भीती जाते. या दृष्टीने भारतीय बैठकीचा संडास उत्तम, पण स्नायू सैल असलेल्या मुलाला उकिडवं बसून तोल सांभाळता येत नाही. समोर धरायला भिंतीत दांडी बसवली तर मदत होते. फ्लश सुरुवातीला मूल बाहेर गेल्यावर करावा. नंतर ते दाराबाहेर उभं असताना, मग दारात, मग आत. काही मुलांना स्वतः बटण दाबायला दिलं की भीती जाते, कारण आवाज कधी येणार हे आता त्यांच्या हातात असतं. उलट काही मुलांना फ्लशचं पाणी इतकं आवडतं की ती तिथून हलत नाहीत. त्यांच्यासाठी फ्लश हेच शेवटचं बक्षीस ठरवता येतं.

चाळीत राहणाऱ्या किंवा वस्तीतला सार्वजनिक संडास वापरणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. रांग, वास, दार वाजवणारी माणसं आणि बादली घेऊन चालत जाणं, यात ऐनवेळी लागल्याचं सांगणारं मूल निभावणार कसं? तिथे आधी घरातच, मोरीच्या कोपऱ्यात पडदा लावून, छोटं पॉट किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी घडीची कमोड खुर्ची ठेवून सवय लावावी. ती पक्की झाल्यावर, दुपारी संडास रिकामे असताना, फक्त जाऊन येण्यापासून सार्वजनिक संडासाची ओळख करून द्यावी.

चित्रांची पट्टी आणि एकच शब्द

ऑटिस्टिक मुलांपैकी बऱ्याच जणांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त पक्कं कळतं. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र जागेवर राहतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर यांच्या नेतृत्वाखाली १९७२ मध्ये सुरू झालेल्या टीच या कार्यक्रमाने चित्रांचं वेळापत्रक आणि ठरलेली मांडणी यावर भर दिला. आज आपल्याकडचे स्पेशल एज्युकेटरही ती पद्धत सर्रास वापरतात. घरी त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. आपल्याच संडासाचे, आपल्याच मगाचे, आपल्याच नळाचे फोटो काढून प्रिंट करावेत आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर क्रमाने चिकटवावेत. परदेशी चित्रांत टिश्यूचा रोल असतो, आपल्या मुलाला बादली आणि मग दिसला पाहिजे. पायरी झाली की ते चित्र उलटं करायचं. वस्तू पाहून समजणाऱ्या लहान मुलाला चित्राऐवजी मग हातात दिला तरी चालतो.

शब्द घरात एकच असावा. आई ‘शू’, आजी ‘लघवी’, बाबा ‘सू-सू’, शाळेतल्या बाई ‘टॉयलेट’ म्हणत असतील तर मुलाला या चार वेगळ्या गोष्टी वाटू शकतात. त्या शब्दासोबत हाताची एक खूण किंवा एक कार्ड जोडावं. हे कार्ड खिशाला किंवा गळ्यातल्या दोरीला अडकवलेलं असलं की न बोलणारं मूलही शाळेत सांगू शकतं.

‘शूला जायचंय का?’ असं सारखं विचारू नये. बरीच मुलं सवयीने ‘नाही’ म्हणतात आणि दोन मिनिटांनी ओली होतात. काही मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतात. मग स्वतःला लागली की ती येऊन आईलाच विचारतात, ‘शूला जायचंय का?’ हे ओळखू आलं नाही तर आई ‘नाही रे, मला नाही जायचं’ म्हणून कामाला लागते आणि मुलाने केलेली खरी मागणी वाया जाते. म्हणून प्रश्नाऐवजी ‘शूला चल’ किंवा ‘शू आली’ असं, मुलाच्या तोंडी पुढे शोभेल असं छोटं वाक्य वापरावं.

रोजचा क्रम

नोंदवहीत जी वेळ दिसली तिच्या पाच-दहा मिनिटं आधी मुलाला घेऊन जावं. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची बैठकही चालेल, मग हळूहळू तीन ते पाच मिनिटं. त्याहून जास्त बसवू नये. वेळ दिसावी म्हणून वाळूचं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर ठेवावा. बसलेलं असताना फुगे उडवायला द्यावेत. फुंकर घालताना पोटाचे स्नायू दाब देतात आणि खालचं अंग सैल पडतं. मुलग्यांनाही आधी बसूनच शू करायला शिकवावं, नाहीतर शीसाठी बसणं पुढे वेगळं शिकवावं लागतं.

थेंबभर जरी झाली तरी बक्षीस त्याच क्षणी. आवडता खाऊ, भिंगरी, आवडत्या गाण्याचं एक कडवं, जे त्या मुलाला खरंच हवं असतं ते, आणि जे दिवसात इतर कोणत्याही कारणाने मिळत नाही. ‘आठवडाभर कोरडा राहिलास तर सायकल’ हे या वयात आणि या मुलांमध्ये निरुपयोगी आहे. सवय बसत गेली की खाऊ दर दुसऱ्या वेळी, मग अधूनमधून द्यावा.

कपडे ओले झाले तर आवाज न चढवता ‘शू संडासात’ एवढंच म्हणावं, मुलाला तिथे न्यावं, कपडे तिथेच बदलावेत. रागावणं, लाजवणं, पाहुण्यांसमोर सांगणं, ओल्यातच बसवणं यातून काही शिकलं जात नाही. या विषयाचा इतिहास पाहिला तर ही चूक तज्ज्ञांकडूनही झाली आहे. नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी १९७१ मध्ये संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसाठी भरपूर पाणी पाजणं, ठरावीक वेळी बसवणं, कोरडेपणाची तपासणी आणि लगेच बक्षीस अशी पद्धत मांडली. आजचे बहुतेक कार्यक्रम तिच्यावरच उभे आहेत. पण मूळ पद्धतीत कपडे ओले केले की स्वतःला ते सगळं धुवायला-पुसायला लावण्याची शिक्षाही होती. ती आता सोडून देण्यात आली आहे, आणि ती घरातही येऊ देऊ नये. ‘तीन दिवसांत डायपरमुक्ती’ असं आश्वासन देणाऱ्या कुणाच्याही मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन दिवसांत न जमलेल्या मुलाच्या आईला चौथ्या दिवशी जे वाटतं त्याची किंमत कुणी धरलेली नसते.

सुरुवात सलग सुट्टी असेल तेव्हा करावी. घर बदलताना, बाळंतपण जवळ असताना किंवा गणपतीत पाहुण्यांनी घर भरलेलं असताना करू नये. दिवसा डायपर काढला की पुन्हा सोयीप्रमाणे घालणं टाळावं. कधी आहे, कधी नाही याने मूल गोंधळतं. बाहेर जाताना हवाच असेल तर आत चड्डी आणि वरून डायपर घालावा, म्हणजे ओलावा जाणवतो.

डायपर लागला तरच शी

शू जमली, पण शी आली की मूल डायपर आणून हातात देतं, आणि दिला नाही तर दोन-तीन दिवस रोखून धरतं. हे फार घरांत दिसतं. इथे डायपर हिसकावून घेतला तर बद्धकोष्ठ ठरलेलंच. डायपर द्यावा, जागा मात्र सरकवत न्यावी. आधी शी कुठेही असो, डायपर बदलणं संडासात आणि मळ मुलासमोर भांड्यात टाकणं. मग डायपर घालून संडासात उभं राहून शी. मग डायपर घालूनच कमोडवर बसून. ते सहज झालं की डायपरला मागे छोटं भोक पाडायचं, दर काही दिवसांनी ते मोठं करायचं, शेवटी कमरेभोवती नुसती पट्टी उरते आणि एक दिवस तीही काढता येते. प्रत्येक पायरी मूल शांत असेल तरच पुढे न्यायची. एखाद्या पायरीवर महिना गेला तरी तो वाया गेलेला नसतो.

शी चिवडणं किंवा भिंतीला फासणं याने घरातली माणसं खचून जातात. त्यामागेही कारण असतं: जंतांची खाज, नीट न धुतलं गेल्याने होणारी चुणचुण, कडक मळ बोटाने काढण्याचा प्रयत्न, किंवा मऊ चिकट स्पर्शाची आवड. आरडाओरडा झाला की काही मुलांना तीच गंमत वाटते. म्हणून चेहरा निर्विकार ठेवून स्वच्छ करावं, खाजेची तपासणी करावी, आणि दिवसात ठरलेल्या वेळी कणकेचा गोळा, शाडूची माती, भिजवलेला साबुदाणा यांत हात घालायला द्यावे. हा भाग एकट्याने ओढू नये. ऑक्युपेशनल थेरपिस्ट यात खरोखर मदत करतात.

धुणं

धुण्याची पायरी पुस्तकांत बहुधा सापडत नाही, कारण ती पुस्तकं कागद वापरणाऱ्यांची असतात. एका हाताने मगातून पाणी सोडायचं आणि त्याच वेळी डाव्या हाताने न दिसणारी जागा धुवायची, ही दोन हातांची वेगवेगळी कामं आहेत. शेवटाकडून शिकवावं: बाकी सगळं आपण करून शेवटचा एक हात मुलाकडून, मग शेवटचे दोन. आपला हात त्याच्या हातावर ठेवून सुरुवात करावी आणि हळूहळू मनगटाकडे, मग कोपराकडे न्यावा. हिवाळ्यात पाणी कोमट ठेवावं. जेट स्प्रेचा जोर सहन होत नसेल तर टमरेलच बरं. किती वेळा धुवायचं हे ‘स्वच्छ होईपर्यंत’ असं न सांगता ठरवून द्यावं: पाच मग पाणी, नंतर साबणाने हात.

घरात आणि शाळेत एकच पद्धत

आई जे महिनाभर जमवते ते सुट्टीत आजोळी गेल्यावर बिघडतं, याचं कारण बहुधा प्रेमच असतं. आजोबांना दर वेळी नेण्यापेक्षा डायपर घालणं सोपं वाटतं. त्यांना दोष देण्यापेक्षा चित्रांची पट्टी आणि तेच ठरलेले शब्द लिहिलेला कागद तिथल्या संडासाच्या दारावर लावावा. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप लागू करणं ऑटिस्टिक मुलांना जड जातं. घरी कमोड वापरणारं मूल शाळेतल्या भारतीय संडासात पाऊल टाकत नाही, कारण त्याच्या लेखी ती वेगळीच वस्तू असते. म्हणून घरचं बसलं की मुद्दाम दुसऱ्या जागा दाखवाव्यात. दिवाळीत गावी जायचं असेल तर तिथल्या संडासाचा फोटो आधी मागवून मुलाला दाखवावा. रेल्वेचा संडास हलतो, गडगडतो, तिथे पहिला प्रयत्न गाडी उभी असताना फक्त आत डोकावण्याचा असू द्यावा आणि स्वतःची रिंग सोबत ठेवावी.

शाळेने ‘डायपर सुटल्यावर या’ असं सांगितलं तर पालक गप्प परत येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्यांच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असं त्याचं कलम १६ सांगतं. शाळेशी बोलताना हे माहीत असावं. थेरपीचा खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, तपासणी आणि मार्गदर्शन मोफत मिळतं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विमा योजनेत ऑटिझम असलेल्या व्यक्तीला वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे.

रात्र

दिवसाचा ताबा शिकवता येतो, रात्रीचा शिकवता येत नाही. रात्री लघवी कमी तयार करणारं संप्रेरक पुरेसं स्रवायला लागणं हे शरीराच्या वाढीवर अवलंबून असतं. पाच वर्षांच्या आत अंथरूण ओलं होण्याला डॉक्टर आजार धरत नाहीत. सकाळी डायपर सलग बरेच दिवस कोरडा मिळायला लागला की काढावा, तोवर गादीवर रबरी कापड घालून निवांत झोपू द्यावं. पाचव्या वर्षानंतरही अंथरूण ओलं होत राहिलं तर आधी पुन्हा बद्धकोष्ठ तपासावं.

मोठी मुलं, मोठ्या मुली

दहाव्या-बाराव्या वर्षीही ही सवय लागते. पद्धत तीच, आदर जास्त. त्या वयात मुलाला ‘बाळ’ म्हणून बक्षिसाचा बिस्किटपुडा नाचवू नये आणि त्याच्यासमोर त्याच्या चड्डीची चर्चा करू नये.

दार लावणं, चड्डी गुडघ्यापर्यंतच खाली करणं, बाहेर येण्याआधी कपडे वर घेणं, हे पहिल्या दिवसापासून शिकवलेलं बरं. तीन वर्षांच्या मुलाला रस्त्याकडेच्या भिंतीशी शू करू दिली तर त्याच्या डोक्यात तो नियम होतो आणि पंधराव्या वर्षी तो तेच करतो, तेव्हा लोक पोलिसांना बोलावतात. धुवायला मदत कोण करतं, त्या माणसांचे फोटो पट्टीशेजारी लावावेत. त्यांच्याशिवाय कुणी आत आलं, हात लावला, तर ओरडायचं आणि आईला खूण करायची, हेही सराव करून शिकवावं. मदतीवर अवलंबून असलेल्या मुलांना धोका जास्त असतो. आईसोबत बाहेर पडलेल्या वाढत्या मुलाला बायकांच्या संडासात नेणं अवघड होत जातं, म्हणून बाबांनी किंवा मामाने त्याला पुरुषांच्या संडासात नेण्याची सवय वेळेवर लावून घ्यावी. मुतारीत कुणाकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही, कडेची जागा धरायची, हे न सांगता कळेल असं धरून चालू नये.

मुलींच्या बाबतीत याच पायऱ्यांवर पाळीची तयारी करता येते, आणि ती पाळी येण्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी सुरू करावी. आधी कोरडं पॅड चड्डीत लावून तासभर वावरणं, म्हणजे त्याच्या स्पर्शाची सवय होते. मग ठरलेल्या वेळी ते काढणं, कागदात गुंडाळणं, कुठल्या डब्यात टाकायचं ते दाखवणं, नवं लावणं. रक्त म्हणजे लागलेलं नाही हे समजावं म्हणून पॅडवर लाल रंगाचे थेंब टाकून दाखवावेत. चिकटपट्टीचं पॅड अजिबात सहन होत नसेल तर सुती कापडाचं किंवा पाळीसाठीची खास चड्डी वापरून पाहावी. न बोलणाऱ्या मुलीला पोटात दुखतंय हे दाखवण्यासाठी वेगळं कार्ड द्यावं, आणि शाळेत डाग दिसला की कोणत्या बाईंकडे जायचं, त्या बाईंचा फोटो पट्टीवर लावून ठेवावा.